बाविसाव्या दिवशी

वहिनी: मामा, तुम्ही वाढदिवसाला दिलेलं पुस्तक संपलं एकदाचं. राग मानू नका, पण पार हिरमोड झाला.

मामा: अगं, लाखो लोकांचं आयुष्य बदललं म्हणे त्यानं!

वहिनी: ते मागच्या कव्हरवर. आत तीनशे पानं, आणि मुद्दा विसाव्या पानावरच संपतो. पुढे नुसते पहाटे उठून कोट्यधीश झालेले लोक.

आत्या: पहाटे उठून काहीच न झालेली मी आहे की. चाळीस वर्षं उठतेय.

वहिनी: हसू नका, २१ दिवसांत सवय लागते असं पुस्तकात होतं, ते मी मनापासून केलं हो. पहाटे पाचला उठायचं, डायरी लिहायची. बाविसाव्या दिवशी गजर बंद करून झोपले. मग आठवडाभर वाटत राहिलं, आपल्यातच काहीतरी कमी आहे.

दादा: गजर मात्र एकवीस दिवस मीच ऐकला.

ताई: त्या २१ ची गंमत सांगते. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. ऑपरेशननंतर आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६० साली लिहिलं. पुढे लोकांनी ‘निदान’ गाळलं आणि नाकाचा हिशेब गजराला लावला.

दादा: मग खरे किती?

ताई: लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस. कुणाला १८, तर कुणाला हिशेबानं २५४! आणि मध्ये एखादा दिवस हुकला तरी फारसं बिघडत नव्हतं.

वहिनी: पुस्तक म्हणतं, एक दिवस चुकला की पुन्हा एकपासून मोजा!!

मामा: बरं, ध्येय लिहून ठेवायचं तरी पटलं ना? अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या १९५३ च्या बॅचमध्ये ३ टक्के मुलांनी लिहिली होती. वीस वर्षांनी बाकीच्या ९७ टक्क्यांपेक्षा त्यांच्याकडे जास्त पैसा.

ताई: मामा, असा अभ्यास झाल्याचा पुरावाच नाही. येलच्याच लोकांनी शोधून सांगितलंय.

मामा: अरे देवा. मी ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये दोनदा सांगितलंय ते.

आत्या: आता तिसऱ्यांदा सांगू नका.

वहिनी: मला खरा राग कशाचा आला सांगू? जमलं तर पुस्तकाची करामत, नाही जमलं तर तुमची इच्छाच कमी. म्हणजे पुस्तक कधी चुकतच नाही! कुणाची रात्रपाळी असेल, कुणाचं तान्हं बाळ रात्रभर जागवत असेल, त्यावर एक ओळ नाही.

दादा: विचारतात कुणाला? ज्यांना जमलं त्यांनाच. पहाटे उठून बुडालेल्याची मुलाखत कोण घेणार?

आत्या: माझी घ्या. साडेचारलाही चालेल.

वहिनी: एक प्रकरण मात्र बरं होतं हं, समोरच्याला स्पष्ट नाही म्हणण्याचं.

मामा: चला, अगदीच वाया नाही गेलं. दुसरा भाग आलाय, मागवू का तुझ्यासाठी?

वहिनी: नाही.