प्रतिसाद: पाच लाखांत काय होतं?

'राष्ट्रीय स्टार्टअप पुरस्कार म्हणजे फोटो आणि प्रमाणपत्र, पाच लाखांत भोसरीत एक मशीनसुद्धा येत नाही' हे वरचं म्हणणं रकमेपुरतं मान्य. पण २०२० मध्ये पहिल्यांदा हे पुरस्कार दिले तेव्हा विजेत्याला पाच लाख होते, आणि उपविजेत्यांनाही सरकारी खाती व मोठ्या कंपन्यांसमोर आपलं उत्पादन मांडायची संधी होती, पथदर्शी प्रकल्प किंवा थेट कामाची ऑर्डर मिळावी म्हणून. नव्या उद्योगाचं घोडं नेमकं तिथेच अडतं. पहिली ऑर्डर कोण देणार?

माझा अनुभव सांगतो. भोसरीत आम्ही तिघे पंपांसाठी सेन्सर बनवतो. एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात आमची फाइल चार महिने पडून होती, कारण तीन वर्षांचे ताळेबंद नव्हते. त्याच सुमारास पुरस्कारासाठी अर्ज भरला. पुरस्कार मिळाला नाही, पहिल्या चाळणीतच बाहेर पडलो. पण पुराव्यासाठी म्हणून दोन जुन्या ग्राहकांकडून लेखी पत्रं घेतली, सीएकडून विक्रीचे आकडे प्रमाणित करून घेतले. एरवी आम्ही हे कधीच केलं नसतं! तेच कागद दुसऱ्या एका कारखान्यात दाखवले आणि चाळीस नगांची ऑर्डर हातात आली. सरकारी मान्यता असलेल्या स्टार्टअपला सरकारी निविदांमध्ये अनामत रक्कम माफ असते, आधीच्या उलाढालीच्या अटीतही सवलत मिळू शकते. अर्ज करणाऱ्यांनी आधी ती मान्यता घ्यावी, पुरस्कार मिळो न मिळो.