मदत हवी आहे: फेलोशिपच्या अर्जात 'संशोधन-प्राविण्य' कसं लिहू?

नमस्कार. मी इतिहासात पीएचडी करते, दुसरं वर्ष. विषय पेशवेकाळातली जकात. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल (कागदांची कापडी गाठोडी) उघडून त्यातले मोडी लिपीतले कागद वाचणं हेच रोजचं काम. आता डॉक्टरल फेलोशिपचा अर्ज भरतेय आणि 'आपलं संशोधन-प्राविण्य २५० शब्दांत लिहा' या रकान्यावर चार दिवस अडकले आहे.

पहिल्या खर्ड्यात पदव्या, नेट परीक्षा, दोन चर्चासत्रं असं सगळं लिहिलं. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी वाचून परत दिला. म्हणाल्या, हा बायोडेटा झाला, तुला काय येतं ते यात कुठे आहे?

मग नुसतं 'मोडीचं ज्ञान' असं लिहिलं, पण तेही पोकळ वाटतं. खरं काम असं असतं: एका रेघेखाली शब्द न तोडता लिहिलेली ओळ फोडायची, 'सीत सबैन मया व अलफ' म्हणजे शुहूर सन (त्या कागदांतली, अरबी अंकशब्दांत लिहिलेली कालगणना) ११७६ हे ओळखायचं, त्यात ५९९ मिळवून इ.स. १७७५-७६ काढायचं, आणि मग त्या सालातल्या जकातीच्या रकमा तक्त्यात मांडायच्या. हे एवढं बारीक लिहावं का? निवड समितीत अर्थशास्त्राची, समाजशास्त्राची माणसंही असणार, त्यांना ते कळायला हवं.

आणखी एक. माझा अजून एकही लेख छापून आलेला नाही. अशा वेळी 'प्राविण्य' हा शब्द वापरणं बरोबर दिसेल का?

ज्यांना फेलोशिप मिळाली आहे त्यांनी हा रकाना कसा भरला, सुरुवात कशाने केली, ते कृपया सांगा. पुढच्या शुक्रवारपर्यंत अर्ज द्यायचा आहे.