खजिनदारकाकांची हार्ड डिस्क आणि अँटीव्हायरसचा लाल इशारा

ए-१०४ (खजिनदार): नमस्कार मंडळी. ऑडिटच्या प्रिंट काढायला काल सोसायटीची हार्ड डिस्क झेरॉक्सच्या दुकानात नेली होती. आज घरी लॅपटॉपला लावली तर लाल इशारा, ‘थ्रेट्स फाउंड’. एकही फोल्डर दिसत नाही, नुसते शॉर्टकट. २०११ पासूनची इतिवृत्तं, सभासदांची कागदपत्रं, गणपतीचे फोटो, सगळं त्यात आहे. हातपाय गळालेत. काय करू?

सी-३०१: काका, फॉरमॅट मारा. विषय संपला.

बी-४०२: थांबा काका! फॉरमॅट अजिबात नको, डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. त्या शॉर्टकटवर क्लिक केलंत का?

ए-१०४: एकावर केलं. अँटीव्हायरसने लगेच अडवलं.

बी-४०२: बरं झालं. आता डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. वापरलेली जागा किती दाखवतंय?

ए-१०४: २१२ जीबी.

बी-४०२: मग डेटा डिस्कवरच आहे. शॉर्टकट दोन-चार केबीचे असतात, त्यांनी २१२ जीबी कुठून भरणार? हा शॉर्टकट व्हायरस. खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे मांडतो. आपण उघडला की फोल्डरही उघडतं आणि मागे व्हायरसही चालू होतो, म्हणून लोकांना दिवसेंदिवस पत्ताच लागत नाही. दुकानातल्या एका पीसीला अख्ख्या गल्लीचे पेनड्राइव्ह लागतात, तिथून तो घरोघरी जातो.

ए-२०३: अगंबाई, लेकीचा प्रोजेक्ट परवा तिथेच प्रिंट केला!

बी-४०२: ताई, तो पेनड्राइव्ह आत्ता कुठेच लावू नका. काका, तुम्ही आधी अँटीव्हायरस अपडेट करा. मग डिस्कवर राइट क्लिक करून स्कॅन द्या. विंडोजचा डिफेंडर असेल तर नुसत्या ‘फुल स्कॅन’वर विसंबू नका, बाहेरून लावलेली डिस्क तो त्यात धरेलच असं नाही. डिस्क वेगळी स्कॅन करावी लागते. नंतर लॅपटॉपही.

डी-१०२: मी तर असा इशारा आला की ‘अलाऊ’ दाबतो. कधी काही झालं नाही.

बी-४०२: दादा, कृपा करून असं करू नका. ‘अलाऊ’ म्हणजे पुन्हा या फाइलबद्दल मला विचारू नकोस, असं सांगणं. इशारा कधीकधी चुकतो, मान्य. पण फाइल कोणती, कुठून आली हे ठाऊक असल्याशिवाय सोडायची नाही. ‘क्वारंटाइन’ करा. फाइल कोंडून राहते, चुकून चांगली धरली गेली तर परत काढता येते. काका, नावं काय दिसतायत?

ए-१०४: बहुतेक शॉर्टकटच. शिवाय एका जुन्या हिशेबाच्या फोल्डरमधली फाइल, ‘हॅकटूल’ म्हणतंय.

बी-४०२: ते कुणीतरी ठेवलेलं क्रॅक असणार, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवायची चोरवाट. तेही जाऊ द्या. सभासदांचे पैसे सांभाळणाऱ्या मशीनवर असलं काही नको.

सी-३०१: व्हायरसटोटलवर, म्हणजे फाइल तपासून देणाऱ्या त्या वेबसाइटवर, टाकून तपासायचं का?

बी-४०२: संशयित प्रोग्राम ठीक. पण आधार, पॅन, शेअर सर्टिफिकेटचे स्कॅन तिथे मुळीच टाकू नका. चढवलेली फाइल बाहेरच्या सुरक्षा कंपन्यांनाही मिळते. फुकट साधनं हवी असतील तर केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, २०१७ पासून.

ए-१०४: स्कॅन झाला. शॉर्टकट गेले, पण डिस्क रिकामी दिसतेय!!

बी-४०२: घाबरू नका. अँटीव्हायरस व्हायरस काढतो, लपवलेलं उघडं करून देईलच असं नाही. फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘शो हिडन फाइल्स’ निवडा आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’वरची खूण काढा. दुसरी पायरी लोक विसरतात. एखादं बिननावाचं फोल्डर दिसलं तर त्यात बघा.

ए-१०४: आहे! नावाच्या जागी कोरं, फिकट दिसतंय. उघडलं. इतिवृत्तं, फोटो, सगळं आहे. बाळा, तुझे उपकार आहेत.

बी-४०२: काका, आजच दुसऱ्या डिस्कवर कॉपी काढू, संध्याकाळी मी येतो. आणि पुढच्या वेळी प्रिंटसाठी लागेल तेवढीच पीडीएफ न्या, अख्खी डिस्क नको.

ए-२०३: मी खाली जातेय, दुकानदारालाही सांगून येते. त्या बिचाऱ्याला माहीतही नसेल.