पंचवीस मीटरसाठी पॉइंट टू-टू पिस्तूल: वजन, झटका आणि किंमत यांचा मेळ कसा घालावा?

मुठाकाठ (प्रश्न)

मी पुण्यात 10 मीटर एअर पिस्तूल प्रकारात खेळते आणि येत्या हंगामापासून 25 मीटर पिस्तूल प्रकारातही उतरायचे ठरवले आहे. वयाची 21 वर्षे पूर्ण झाल्यामुळे परवान्यासाठी अर्ज केला आहे. सध्या सरावाला क्लबची जुनी वॉल्थर जीएसपी मिळते. स्वतःचे पॉइंट टू-टू (0.22 इंच व्यासाच्या गोळीचे) पिस्तूल घ्यायचे झाल्यास पार्दिनी एसपी, मोरिनी सीएम 22 एम आणि फाइनवेर्कबाउ एडब्ल्यू 93 ही तीन नावे माझ्यासमोर आहेत.

माझी अडचण अशी आहे की, ज्यांना विचारावे ते वेगवेगळे सांगतात. एका ज्येष्ठ खेळाडूंच्या मते जड पिस्तूल घेऊन नळीजवळ आणखी वजने लावावीत, म्हणजे झटका कमी होतो. दुसऱ्यांच्या मते माझ्या मनगटाला हलकेच पिस्तूल झेपेल. क्लबच्या पिस्तुलाने खेळताना गोळी सुटल्यावर माशी (नळीच्या टोकावरचा, नेम धरण्याचा उंचवटा) वर उडते आणि पुन्हा मागच्या खाचेत येईपर्यंत मला घाई झाल्यासारखे वाटते, त्यामुळे मलाही झटका हाच मुख्य प्रश्न वाटू लागला आहे. वजन, झटका आणि किंमत या तिन्हींपैकी कशाला किती महत्त्व द्यावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पंचगंगा_रेंज

आपला प्रश्न योग्य वेळी आला आहे, कारण एअर पिस्तुलावरून येणारे बहुतेक जण झटक्याला घाबरूनच पिस्तूल निवडतात आणि माझ्या मते तिथेच निवड चुकते.

आधी झटका प्रत्यक्षात किती असतो ते पाहू. एअर पिस्तुलाचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने जातो. पॉइंट टू-टूची गोळी 2.6 ग्रॅमची असून मॅचच्या काडतुसात तिचा वेग सेकंदाला 320 मीटरच्या जवळपास असतो. म्हणजे हाताला मिळणारा संवेग जवळजवळ दहापट होतो आणि आपल्याला जाणवलेला फरक खरा आहे. परंतु 1100 ग्रॅमच्या पिस्तुलाला या संवेगाने मिळणारा मागचा वेग सेकंदाला जेमतेम पाऊण मीटर असतो. त्यावर 200 ग्रॅम चढवून पिस्तूल 1300 ग्रॅमचे केले तर तो सुमारे 0.64 मीटरवर येतो. पंधरा टक्क्यांच्या या फायद्यासाठी प्रत्येक गोळीला 200 ग्रॅम जास्त उचलायचे का, हा खरा हिशेब आहे. नियमाने 1400 ग्रॅमपर्यंत मुभा असली, तरी तिथपर्यंत पोहोचलेच पाहिजे असे नाही.

आता आपल्या प्रकाराची रचना लक्षात घ्या. पहिल्या 30 गोळ्यांसाठी (प्रिसिजन) पाच-पाच मिनिटांच्या मालिका असतात, तेव्हा तिथे झटक्यातून सावरण्याची घाई नाही. पुढच्या 30 गोळ्यांत (रॅपिड) लक्ष्य तीन सेकंद समोर येते आणि सात सेकंद दूर जाते. हात 45 अंशांवरून उचलायचा आणि प्रत्येक वेळी एकच गोळी मारायची. अंतिम फेरीतही हीच लय असते. म्हणजे या प्रकारात माशी उडाल्यानंतर पुढच्या गोळीपर्यंत आपल्याकडे पुरेसा वेळ आहे आणि आपल्याला वाटणारी घाई ही मनातली आहे. झटक्यातून लवकर सावरण्याला खरे मोल येते ते रॅपिड फायर पिस्तूल या वेगळ्या प्रकारात, जिथे पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या आठ, सहा आणि चार सेकंदांत मारायच्या असतात, किंवा स्टँडर्ड पिस्तूलच्या दहा सेकंदांच्या मालिकेत. तिथल्या खेळाडूंचा सल्ला त्यांच्यासाठी बरोबर असतो, आपल्यासाठी तो तसाच्या तसा लागू होत नाही.

आपल्यापुढचे खरे बदल दोन आहेत. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान 500 ग्रॅमचा ताण लागतो, इथे किमान 1000 ग्रॅमचा. दुप्पट ताण ओढताना बोटाबरोबर अख्खी मूठ आवळली जाते, आणि गोळी खाली-डावीकडे जाते ती त्यामुळे (आपण उजव्या हाताने खेळत असाल असे धरून). दुसरे म्हणजे, माशी आणि मागची खाच यांतले अंतर इथे नियमाने 220 मिलिमीटरपेक्षा जास्त असू शकत नाही. त्यामुळे माशी खाचेत एक मिलिमीटर सरकली तर 25 मीटरवर गोळी तब्बल 11 सेंटीमीटरहून अधिक सरकते. प्रिसिजनच्या लक्ष्यावरचे दहाचे वर्तुळ 5 सेंटीमीटर व्यासाचे आणि रॅपिडचे 10 सेंटीमीटरचे आहे, हे पाहता निकाल गोळी सुटण्याआधीच लागलेला असतो.

म्हणून वजनाचा आकडा पाहण्यापेक्षा ते वजन कुठे आहे ते पाहा. नळीच्या टोकाशी लावलेले 50 ग्रॅम मुठीजवळच्या 150 ग्रॅमपेक्षा मनगटाला जास्त जाणवतात. टोकाकडे वजन असले की नेम धरताना डगमग कमी होते, हे खरे. पण तीन सेकंदांत हात वर आणून थांबवायचा असतो तेव्हा तेच वजन हाताला ठरलेल्या जागेच्या वर नेऊ पाहते. आपल्या राहीताई सरनोबत यांनी 2018 मध्ये पालेमबांगला याच प्रकारात बरोबरी फोडणाऱ्या शूट-ऑफपर्यंत लढून आशियाई सुवर्ण मिळवले, ती अंतिम फेरी आपण अवश्य पाहावी: हात वर येऊन जिथे थांबतो तिथून तो हलत नाही.

शिकागोकर_नऊमिमी

मी अमेरिकेत नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाने खेळतो, त्यामुळे आपल्या प्रकाराबद्दल अधिकाराने बोलू शकणार नाही. मात्र वजन आणि झटक्याचे नाते तिथे फार स्पष्ट दिसते, म्हणून लिहितो. ग्लॉक 19 रिकाम्या मॅगझिनसह साधारण 670 ग्रॅम भरते आणि सीझेड शॅडो 2 सुमारे 1330 ग्रॅम. आठ ग्रॅमची तीच गोळी दोन्हींतून मारली तर जड पिस्तुलाचा मागचा वेग आणि झटक्याची ऊर्जा दोन्ही जवळपास निम्म्यावर येतात. लागोपाठ गोळ्या मारताना हा फरक हाताला लगेच कळतो आणि म्हणूनच इथे स्पर्धेसाठी लोक जड लोखंडी पिस्तुलाला जास्त पैसे मोजतात, तर कमरेला बाळगण्यासाठी हलके घेतात. आपल्या पॉइंट टू-टू प्रकारात मुळात झटकाच इतका लहान आहे की, त्यातला निम्मा वाचवण्यासाठी पैसे मोजणे मला पटत नाही.

काडतूसपेटी

किमतीबद्दल लिहितो. आपण सांगितलेली तिन्ही पिस्तुले युरोपात ढोबळमानाने दीड ते अडीच हजार युरोंच्या पट्ट्यात येतात आणि मॅच पातळीवर नेमकेपणाच्या बाबतीत तिन्ही आपल्या हातापेक्षा सरस आहेत. एडब्ल्यू 93 मध्ये झटका शोषणारी योजना असल्यामुळे ते हाताला मऊ लागते. पार्दिनीत नळीखालची वजने कमी-जास्त करता येतात आणि तिची नळी हातापासून फार उंच बसत नाही, त्यामुळे उसळी कमी. तिन्हींत मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असते, म्हणून क्लबच्या जीएसपीची सवय वाया जाणार नाही.

मात्र पिस्तुलाच्या किमतीत खर्च संपत नाही. आठवड्याला तीन दिवस, दिवसाला शंभर गोळ्या आणि वर्षाचे 45 आठवडे धरले तर साडेतेरा हजार काडतुसे होतात, म्हणजे पन्नासाच्या 270 पेट्या. युरोपातील सरावी काडतुसांच्या दराने पाहिले तरी वर्षभरात जवळपास पिस्तुलाइतकेच पैसे त्यांत जातात. म्हणून आपल्या रेंजवर नियमित मिळणारे स्टँडर्ड वेगाचे काडतूस कोणते आणि ते कोणत्या पिस्तुलात न अडकता चालते, हे आधी तपासावे. या पिस्तुलांची स्प्रिंग स्टँडर्ड वेगासाठी जुळवलेली असते. हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाची) काडतुसे वापरली तर झटका वाढतो आणि आतले भाग विनाकारण आपटतात. फार कमजोर काडतूस असेल तर बोल्ट (काडतूस भरणारा सरकता भाग) पूर्ण मागे जात नाही आणि पुढचे काडतूस अडकते.

फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी), एक्स्ट्रॅक्टर (रिकामे काडतूस बाहेर ओढणारा), बफर (धक्का झेलणारा) आणि एक जादा मॅगझिन ही खरेदी पिस्तुलाबरोबरच उरकावी. परदेशातून एकेक सुटा भाग मागवताना हंगाम निघून जातो. पुढेमागे पिस्तूल विकायचे झाले तर ते परवानाधारकालाच विकता येते, तेव्हा आपल्या भागात जे पिस्तूल अधिक लोक वापरतात त्याला गिऱ्हाईक मिळते आणि दुरुस्ती करणारा जाणकारही जवळ असतो. माझ्या दृष्टीने किमतीचे चीज होणे म्हणजे हेच.

मुठाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. लक्ष्याच्या वर्तुळांचा आणि 220 मिलिमीटरचा हिशेब मला कुणीही असा मांडून दाखवला नव्हता. आमच्या रेंजवर दोन जणींकडे पार्दिनी आहे आणि त्या हाताळू द्यायला तयार आहेत. पंचगंगा_रेंज यांना एकच विचारते: त्या दोघींच्या पिस्तुलावर वजन आणि तोल पारखायचा तर नेमके काय करून पाहावे? आणि ग्रिपचा आकार माझ्या हाताला मोठा असेल तर?

पंचगंगा_रेंज

ग्रिप मोठी असेल तर त्या पिस्तुलाबद्दल चांगले-वाईट कोणतेच मत बनवू नका. हातात सैल बसलेले पिस्तूल जड वाटते आणि उसळतेही जास्त. आपल्या मापाची ग्रिप बसवता आली तरच पुढची पारख करावी. ग्रिप लाकडाची असल्याने कानशीने घासून आणि पुटी भरून ती हाताला बेतता येते. खरेदीच्या वेळी लहानात लहान माप मागून हळूहळू भरत जाणे सोयीचे पडते.

पारख करताना सुरुवातीला गोळी मारूच नका. मालकिणीच्या परवानगीने आणि पिस्तूल रिकामे असल्याची दोघींनी खात्री करून, ड्राय फायरिंगची (काडतुसाविना ट्रिगर ओढण्याची) सोय लावून घ्या, कारण पॉइंट टू-टूची पिन रिकाम्या चेंबरच्या काठावर आदळू देणे चांगले नाही. मग डोळे मिटून हात 45 अंशांवरून वर आणा, थांबवा आणि डोळे उघडा. माशी दरवेळी खाचेच्या वर किंवा खाली दिसत असेल तर ग्रिपचा कोन बदलावा लागेल; हात ठरलेल्या जागेच्या वर जाऊन परत खाली येत असेल तर टोकाचे वजन काढावे लागेल. हे पाच-पाचच्या मालिकांत करा, आणि ताज्या हाताने केलेल्या मालिकांपेक्षा शेवटच्या मालिकांकडे अधिक लक्ष द्या, कारण स्पर्धेत रॅपिडच्या 30 गोळ्या प्रिसिजननंतरच येतात. त्यानंतर वजने न लावता पाच गोळ्या आणि लावून पाच गोळ्या मारून पाहा. फरक लक्ष्यावर दिसला नाही, तर वजने डब्यातच राहू द्यावीत.