नवी बॅटरी, तरी सेल्फला नुसतं कट-कट

प्रश्न: १२५ सीसी स्कूटर, बॅटरी नवी. दोन दिवस उभी राहिली की सेल्फ उचलत नाही, किकने लगेच सुरू होते. हॉर्नही मरगळलेला. आधी काय तपासू?

उत्तर १: किकने सुरू होते, म्हणजे इग्निशनचा (ठिणगीचा) विषय सोडा. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर लावा. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६ च्या आसपास हवेत. सेल्फ दाबल्यावर १० च्या खाली कोसळले तर बॅटरी उतरलीय किंवा खराब आहे. मग इंजिन चालू करून रेस द्या, १३.५ ते १४.५ दिसले तर चार्जिंग ठीक. वाढतच नसतील तर आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, बॅटरीला जाणारी वीज आवरणारा भाग) किंवा स्टेटर (इंजिनातली वीज तयार करणारी कॉइल). १५ च्या वर गेले तर बहुधा आरआरच, आणि तो बॅटरी उकळून मारतो.

उत्तर २: आरआर विकत घेण्याआधी त्याचा कपलर (वायरींचा जोड) उघडा. पिना काळ्या पडून प्लॅस्टिक वितळलेलं बरेचदा सापडतं.

उत्तर ३: ‘दोन दिवस उभी’ यातच मेख आहे. किल्ली बंद करून निगेटिव्ह वायर काढा, ती वायर आणि बॅटरीचं टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडा, १० अँपिअरच्या सॉकेटवर. काही मिलिअँपिअर चालतात. १०० मिलिअँपिअर (मीटरवर ०.१०) दिसले तर ४८ तासांत ४.८ अँपिअर-तास गेले, म्हणजे ५ अँपिअर-तासाची बॅटरी संपलीच! एकेक फ्यूज काढत जा, आकडा पडेल त्या सर्किटमध्ये गळती. बाहेरून बसवलेला अलार्म किंवा मोबाइल चार्जर आधी सोडवून बघा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.