१५ ऑगस्टले शाळेत ठेवाचं हरिकेन: मळवाचं का कोरं ठेवाचं?

आर्वीचा_हरिकेनवाला

राजेहो, एका गोष्टीवर डोकं खराब झालं म्हणून इथं टाकून रायलो. सध्या टेबलावर हरिकेन मार्क टू-सी या दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्रजी लढाऊ विमानाचं १/७२ चं, म्हणजे खऱ्याच्या ७२ पट लहान, मॉडेल हाय, पोलंडच्या आर्मा हॉबी कंपनीचं. १९४४ च्या इंफाळच्या लढाईतलं आपलं १ नंबर स्क्वाड्रन, ज्याचे कमांडर तवा अर्जन सिंग होते, त्याइचं विमान म्हणून रंगवलं. जोडणं झालं, वरतून डार्क अर्थ अन डार्क ग्रीन मारला, ग्लॉस मारून डेकल, म्हणजे चिकटवाच्या छापील निशाण्या, बसवले. गोल निशाणी गडद निळी अन फिकट निळी, मधातली लाल टिकली नाई, कारण जपान्याच्या विमानावर लाल गोळा असे अन आपलेच लोक आपल्याच विमानावर गोळ्या घालतीन म्हणून तिकडच्या आघाडीवर लाल रंगच काढून टाकला होता. आता फक्त शेवटचं फिनिशिंग रायलं. गावच्या शाळेचे हेडमास्तर म्हणून गेले का १५ ऑगस्टले काचेच्या पेटीत ठेवू, पोट्टे पाहतीन.

माहं मत पहिलेच सांगतो, मंग तुम्ही बोला. मळवाचंच, म्हणजे वापरलेलं, जुनं दिसीन असं रंगवाचं. एकदम कोरं चकचकीत ठेवलं तर ते जत्रेतलं खेळणं दिसते. इंफाळले जपान्यानं चहूकडून घेरलं होतं, २२ जूनले रस्ता मोकळा होईपर्यंत तेल, गोळे, पीठ समदं विमानानं यायचं, अन हे स्क्वाड्रन तिथंच ठाण मांडून होतं. विमान उघड्यावर, उन्हात पावसात. तिथं कोन रोज पॉलिश करून रायलं होतं? अन धूळ नव्हती म्हणत असान तर मंग पूर्वेकडं पाठवलेल्या हरिकेनच्या नाकाखाली तो धूळ गाळाच्या व्होक्स फिल्टरचा डबडा काऊन लावला इंग्रजानं, शोभेले?

म्हणून एक्झॉस्टमागं काळी पेस्टलची पूड, पोटाखाली तेलाचे ओघळ, स्पंजनं चंदेरी टवके, म्हणजे रंग उडून आतला धातू दिसावा तसे, अन चाकाले आपल्या वावरातली काळी माती फडक्यातून गाळून. बोला आता.

ग्राउंडक्रू_निवृत्त

बेटा, विमान छान जोडलं असशील, पण ओघळाचं ऐकून राहवलं नाही म्हणून लिहितो. मी वायुसेनेत इंजिन फिटर होतो, नॅट या छोट्या लढाऊ जेट विमानावर काम केलं आहे. नॅट इतकं बुटकं की बरंचसं काम जमिनीवर उभं राहूनच व्हायचं, शिडी लागत नव्हती, आणि म्हणूनच त्याच्यावरचा प्रत्येक डाग डोळ्यासमोर यायचा. पोटाखाली तेलाचा ओघळ दिसला की कुठून गळतंय ते शोधायचं, सील बदलायचं, पुसायचं, आणि मग फॉर्मवर सही. ओघळ तसाच ठेवून विमान सोडलं तर सार्जंट आमची चामडी सोलत असे. तुमच्या हरिकेनचे लोकही असेच फिटर होते ना? युद्धात तर उलट पंखाची पुढची कड घासून गुळगुळीत करायचे, तेवढाच वेग वाढतो म्हणून. हे नवीन पोरं विमान असं रंगवतात की जणू ते वर्षभर कुणी पाहिलंच नाही. त्यात त्या माणसांचा अपमान होतो असं मला वाटतं. कोरं ठेव.

वणीचा_पोट्टा

काका माफ करा पण हे शांतीच्या काळातलं झालं. बंगलोर पुण्याच्या हँगरात सील मिळते, इंफाळच्या घेऱ्यात कुठून येईन? मळव बे भाऊ, बिनधास्त मळव, मी तर म्हणतो तोफांच्या तोंडालेबी धूर लाव, पंखाखाली जिथून गोळ्याची रिकामी टरफलं पडतात तिथंबी काळं ओढ. यूट्यूबवर पाय, परदेशातले लोक कसे मळवतात, पाहून अंगावर काटा येते.

बारीकनजर_अकोट

यूट्यूबवरचे लोक एकमेकाइचे मॉडेल पाहून मळवतात, विमान पाहून नाई, हाच तर लोचा हाय. थोडा हिशोब करू.

१/७२ म्हणजे पंख ४० फुटाचा, मॉडेलवर १७ सेंटिमीटर. तू स्पंजनं जो टवका उठवशीन तो एक मिलिमीटरचा, म्हणजे खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरचा रंग उडाला. असे पन्नास टवके म्हणजे विमान नाई, गंजलेलं पत्र्याचं शेड. अन ती गाळलेली माती, फडक्यातून गाळली तरी कण पाव मिलिमीटरचा धर, ७२ नं गुणलं का १८ मिलिमीटर. चाकाले माती नाई, बोराएवढे दगड चिकटले म्हणून दिसतीन. पॅनल लाइनीत, म्हणजे पत्र्याच्या जोडाच्या रेघेत, काळा वॉश (पातळ रंग) ओतला का दोन दोन सेंटिमीटरच्या फटी. असं विमान उडलंच नसतं.

दुसरं, पोट्टे पेटीपासून दीड फुटावर उभे राहतीन. दीड फूट गुणिले ७२, १०८ फूट. खऱ्या विमानापासून १०८ फुटावर उभा राय अन सांग तुले काय दिसते. रिव्हेट दिसत नाई, टवका दिसत नाई. पण रंग उन्हानं उडालेला दिसते, एक्झॉस्टमागचा पट्टा दिसते. म्हणून मी ना काकाच्या बाजूनं ना तुह्या.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. हरिकेनच्या कॉकपिटमागचा सारा भाग पत्र्याचा नसतेच भाऊ. आतमधी लोखंडी नळ्याचा सांगाडा, त्याच्यावर लाकडाच्या पट्ट्या, अन वरतून ताणून लावलेलं कापड, डोप (कापड ताठ कराचं लॅकर) मारलेलं. सुकाणूबी कापडाचं. तिथं चंदेरी टवका कुठून येईन? कापसाच्या मुलखात राहून कापडाले चंदेरी मारशीन तर लोक हसतीन ना बे. नाकावरच्या पंख्याचंबी (प्रोपेलरचं) तेच, रोटोल कंपनीच्या पंख्याची पाती पुष्कळदा दाबलेल्या लाकडाची असत, त्याच्या टोकाले चांदी घासणारे लय पाहिले.

आर्वीचा_हरिकेनवाला

कापडाचं मले माहीत हाय, मागं टवके माराचा इरादाच नव्हता, टवके फक्त डाव्या पंखाच्या मुळाशी अन तोफांच्या झाकणाच्या कडेले. हरिकेनवर पायलट डावीकडून चढते, तिथं खालून पाय ठेवाची रिकीब बाहेर निघते, अन तिथला भाग धातूचा. रोज बुटाचे पाय पडतात तिथं रंग कसा टिकीन? अन ती झाकणं रोज खोलून गोळे भरतात, पेचकस घसरते, खरवडते. हे काकालेबी मान्य असावं.

पण तुह्या १०८ फुटाचं मले पटत नाई. पोट्टा दीड फुटावर कायले राहते? तो काचेले नाक लावून पाहते, काचेवर त्याच्या वाफेचा गोल उमटते. मास्तरानं हटकलं तरी परत येते. त्याले दिसलं पाहिजे का इथं माणूस चढला होता. हिशोबानं खरं विमान बनते, पण पाहणाऱ्याले काही सांगत नाई असं विमान मी कायले बनवू, मंग फोटोच लावू ना भिंतीवर.

ग्राउंडक्रू_निवृत्त

डाव्या पंखाचं मान्य. बुटाचं खरं आहे, आम्हीही ओरडायचो पायलटवर. ओघळाचं अजूनही नाही.

तुमसरवाला

तुम्ही लोक टवके मोजत बसा, मूळ प्रश्न कोणी विचारतच नाही. १५ ऑगस्टला हे विमान कशाला? १४ एप्रिल १९४४ ला आझाद हिंद फौजेनं मोइरांगला तिरंगा फडकवला, इंफाळपासून पंचेचाळीसेक किलोमीटरवर. ती फौज जपान्यांच्या सोबत होती आणि हे हरिकेन त्यांच्या विरुद्ध बाजूला. म्हणजे नेताजींच्या माणसांवर उडणारं इंग्रजांचं विमान आपण स्वातंत्र्यदिनाला काचेच्या पेटीत मांडणार? निशाणीही इंग्रजांची. त्यापेक्षा नॅट ठेवा. निर्मलजीत सिंग सेखोंचं नॅट, १४ डिसेंबर १९७१, श्रीनगर, परमवीरचक्र. कोणाला काही समजावून सांगावं लागणार नाही.

वणीचा_पोट्टा

घ्या, आता राजकारण आलं

आर्वीचा_हरिकेनवाला

राजकारण नाई, त्याचं म्हणणं वजनाचं हाय, मीबी यावर विचार केला होता. पण मले सांग, त्या विमानात बसलेला पोरगा पंजाबचा होता, खाली त्याचं इंजिन खोलणारा आपलाच कोणी, अन मोइरांगले झेंडा घेऊन उभा असलेलाबी आपलाच. अन ज्या अर्जन सिंगांनं इंफाळले हे स्क्वाड्रन चालवलं, त्यांनंच १५ ऑगस्ट १९४७ ले दिल्लीच्या लाल किल्ल्यावरून शंभरावर विमानांचा फ्लायपास्ट नेला. मंग हे विमान १५ ऑगस्टचं नाई का? पुढं १९६५ च्या लढाईत तेच वायुसेनाप्रमुख. इंग्रजानं पगार देला म्हणून माणूस इंग्रज होते का?

अन नॅटचं म्हणशीन तर पुढच्या २६ जानेवारीले करू. पण १९६५ चं कराचं म्हटलं तर अख्खं चंदेरी, अन चंदेरी रंगाखाली सँडपेपरचा एक ओरखडा राहिला तरी समदा दिसते. त्याच्या डोक्याले ताप वेगळाच.

तुमसरवाला

पगाराचा मुद्दा नाही. मुद्दा हा की सहावीच्या पोराला हे सगळं कोण सांगणार? त्याला फक्त दिसणार विमान आणि खाली लिहिलेलं नाव. त्यानं टाळी वाजवायची ती कोणासाठी?

मास्तरीण_दर्यापूर

मी सांगणार ना! शाळेत आहोत आम्ही कशाला. आमच्याकडची पोरं तुम्हाला वाटतात त्यापेक्षा हुशार आहेत, इंफाळला दोन्हीकडे भारतीय होते हे सांगितलं तर त्यांना समजतं, आणि वरून असे प्रश्न विचारतात की आमची बोलती बंद होते. कार्डावर मोइरांगची तारीखही लिहा, अर्जन सिंगांचंही लिहा, आणि स्क्वाड्रनच्या नावात "रॉयल" लिहू नका, ते वायुसेनेला १९४५ मध्ये लागलं, त्याआधी नुसतं इंडियन एअर फोर्स. आधीच्या एका प्रदर्शनात अशा चुका पाहिल्यात, पोरं तेच पाठ करून बसतात.

पण मळवण्याबद्दल मी काकांच्या बाजूनं. कारण वेगळं आहे. पोरांना टवके आणि काळं दिसलं की पहिला प्रश्न येतो, "मॅडम, हे पडलं होतं का?" मग पंधरा मिनिटं पडलं कसं, मेलं कोण, बस तेवढंच. मला त्यांना दाखवायचंय की वरून हिरवं-तपकिरी का रंगवलं, जमिनीवर उभं असलं की वरून दिसू नये म्हणून, आणि निशाणीतून लाल का काढलं. स्वच्छ विमानावर हे बोट ठेवून सांगता येतं. तुमच्या टवक्यांच्या गर्दीत ते हरवतं. दादा, तुम्ही कलाकार आहात, कबूल, पण वर्गात उभं मला राहायचंय.

वणीचा_पोट्टा

मॅडम पडलं का विचारलं तर चांगलंच ना, लढाईत विमानं पडतातच. गुळगुळीत लढाई दाखवून काय फायदा, पोट्टे म्हणतीन मस्त हाय, मीबी जातो.

मास्तरीण_दर्यापूर

हे मात्र खरं बोललात. यावर माझ्याकडे लगेच उत्तर नाही, पण टवके त्याचं उत्तर नाहीत एवढं नक्की.

बारीकनजर_अकोट

मधला रस्ता देतो. रंग उडवा, टवके नको. मूळ हिरव्यात थोडा फिकट पिवळट मिसळून पंखाच्या वरच्या भागावर अगदी पातळ थर, जिथं ऊन लागते तिथं जास्त, कॉकपिटच्या काचेमागं कमी. त्यानं विमान जुनं दिसते अन पडलेलं दिसत नाई. एक्झॉस्टचा पट्टा काळा नको, राखाडी-तपकिरी, वाऱ्याच्या दिशेनं मागं पातळ होत गेलेला. अन मागच्या कापडावर एकदोन ठिगळं रंगव, चौकोनी, बाकी रंगापेक्षा थोडे ताजे. गोळी कापडातून आरपार जायची, लोक वरतून ठिगळ चिकटवून विमान परत उडवायचे. मॅडमले सांगाले गोष्ट भेटते, काकाले फिटरचं काम दिसते, वणीवाल्याले लढाई.

ग्राउंडक्रू_निवृत्त

ठिगळाची कल्पना आवडली. व्यवस्थित लावलेलं ठिगळ, कडा चिकटलेल्या. ते आमचं काम.

कूलरसमोर

दोन तास वाचून रायलो, कोणी कामाचं सांगतच नाई. १५ ऑगस्ट म्हणजे भर पावसाळा. मॅट लॅकर माराच्या दिवशी हवा ओली असली तर समदं पांढरं धुक्यासारखं फाटते, मंग तुमचे टवके अन ठिगळं एकाच भावात. उघाड पडली त्या दिवशी दुपारी मारजा, कूलर बंद करून, अन डबा आधी कोमट पाण्यात ठेवून. उन्हाळ्यात उलटं असते, पंचेचाळीस डिग्रीत अॅक्रिलिक एअरब्रशमधून निघून विमानापर्यंत जाईतो हवेतच वाळते अन खरबरीत बसते, तवा रंग हळू वाळावा म्हणून रिटार्डर टाका लागते. अन लाइट जाते त्याचं पाहून घ्या, कॉम्प्रेसर अर्ध्यात बंद पडला तर पंखाच्या मधोमध रेघ राहते.

आर्वीचा_हरिकेनवाला

बरं, ऐका. डाव्या पंखाचे टवके राहतीन, ते मी सोडत नाई. रंग उडवतो, बारीकनजरनं सांगितलं तसा. ठिगळं दोन. वावरातली माती नाई, चाकाले नुसता तपकिरी रंगाचा पातळ हात. मॅडम, कार्डावर मोइरांग अन लाल किल्ला दोन्ही लिहितो, मजकूर इथंच टाकतो, तुम्ही शुद्धलेखन पाहून द्याजा. तुमसरवाले भाऊ, तुम्हीबी पाहून घ्या कुठं खटकलं तर. ओघळ एकच ठेवतो, पोटाखाली, बारीकसा, पेटीतून दिसणारबी नाई.

तुमसरवाला

मजकूर पाहीन. पण नॅट २६ जानेवारीला नक्की.

ग्राउंडक्रू_निवृत्त

दिसणार नाही तर ठेवतो कशाला? काढ तो ओघळ. काढला तर बसने येईन पाहायला.