ग्रामोफोनच्या जुन्या जाहिरातींचे वय मजकुरावरून ठरवावे की पत्र्यावरून?

धागालेखक, छत्रपती संभाजीनगर
आपल्याकडच्या जुन्या बाजारात पाटीवर कुत्रा आणि कर्णा दिसला की विक्रेता सरसकट ‘शंभर वर्षांपूर्वीची’ म्हणून किंमत चढवतो. चित्रकार फ्रान्सिस बॅरोने हे चित्र १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीला विकले आणि कंपनीच्या सांगण्यावरून त्यातला मूळचा नळकांड्याचा फोनोग्राफ झाकून तबकडीचे यंत्र रंगवले. तेच चित्र पुढे कित्येक दशके चालले, त्यामुळे त्यावरून ‘१८९९ नंतरची’ याहून अधिक काही सिद्ध होत नाही. वय सांगतो तो मजकूर. सुयांच्या डबीवर किंमत आण्यांत असेल तर ती १ एप्रिल १९५७ पूर्वीची, ‘नये पैसे’ असतील तर त्यानंतरच्या काही वर्षांतली. तबकडीच्या पाकिटावर कंपनीच्या (कोलकात्याजवळच्या) डमडमच्या कारखान्याचे नाव असेल तर ते १९२८ नंतरचे. आणि दुकानाच्या पत्त्यात सहा अंकी पिनकोड असेल तर १९७२ पूर्वीचे मुळीच नव्हे.

प्रतिसाद, जालना
असहमत. नक्कल करणाऱ्याला मजकुराइतके सोपे दुसरे काहीच नसते. आणेसुद्धा तो हुबेहूब उतरवतो. जुन्या इनॅमलच्या पाटीवर रंगांचे थर एकेक करून भट्टीत भाजलेले असतात, त्यामुळे बोट फिरवले की अक्षरांच्या कडेला उंचवटा लागतो; पत्र्यावर नुसती छापलेली नवी पाटी सपाट लागते. खिळ्यांच्या भोकांपाशी टवका उडून गंज तिथूनच पसरलेला असावा. गंज सगळीकडे सारखा असेल तर तो मुद्दाम चढवलेला समजावा (आणि असा गंज हल्ली फार दिसतो).

प्रतिसाद, नांदेड
मराठवाड्यापुरती एक खूण दोघांकडूनही राहिली. आपला भाग निजामाच्या राज्यात होता आणि तिथे निजामाचा स्वतःचा हाली सिक्का चाले. सात हाली रुपये म्हणजे सुमारे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी राज्यातले रुपये. दुकानदाराच्या दरपत्रकात ‘कलदार’ असा खुलासा असेल, तर तो कागद याच मुलखासाठी छापलेला असण्याची शक्यता दाट. मात्र उर्दू मजकूर दिसला म्हणून त्याला १९४८ पूर्वीचा ठरवू नये. उर्दू पाट्या त्यानंतरही लागतच राहिल्या.

धागालेखक
पाटीपुरते जालन्याचे म्हणणे मान्य. परंतु कागदी पाकिटाला ना थर असतात ना गंज, आणि बाजारात पाट्यांपेक्षा पाकिटेच अधिक येतात. तिथे मजकूर सोडून कशावर विसंबायचे, हे त्यांनी सांगावे.

प्रतिसाद, जालना
कागदावर. पाकीट भिंगाखाली धरा आणि आत ठेवलेल्या तबकडीच्या कडेचा गोल वळ उमटला आहे का, ते आधी पाहा. किंमत मग वाचा.